केकबाईचा गळा

डेन्मार्कमधल्या आरहूसच्या गोदीजवळच्या त्या स्टुडिओत दोनच माणसं होती आणि त्या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. विबेके बाहुल्या घडवायची, आस्गर त्यांची घरंदारं उभारायचा, आणि दोघं मिळून बाहुल्यांच्या फिल्म करायचे. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. असं काम करणाऱ्या माणसाला राग मुरवायला भरपूर फुरसत मिळते.

भागीदारी मोडून वेगळं व्हायचं तर ठरलंच होतं. स्टुडिओ कुणाला, एवढाच प्रश्न होता. नगरपालिकेच्या कुटुंब-सल्ला कचेरीतल्या बोडिलबाई आज नमुना बघून ज्याला पुढची मालिका देतील, स्टुडिओ त्याचा. दुसऱ्याने कॉफीचं यंत्र उचलून चालतं व्हायचं. विबेकेने ते यंत्र आस्गरसाठी आधीच खोक्यात भरून ठेवलं होतं.

फिल्म होती काडीमोड घेणाऱ्या आईबापांच्या पोरांसाठी. नायक म्हणजे मोगेन्स, पाणमांजराचं पिल्लू. डावीकडे बापाचं घर, उजवीकडे आईचं.

"शेवटी तो आईकडे बघतो," विबेके म्हणाली होती.

"बापाकडे," आस्गर म्हणाला होता.

चर्चा तिथेच संपली. सकाळच्या पाळीत विबेके मोगेन्सची मान उजवीकडे वळवायची, दुपारच्या पाळीत आस्गर डावीकडे.

त्यातून आज आस्गरचा वाढदिवस. रीतीप्रमाणे त्याने माणसाच्या आकाराचा केक आणला. पुरुषाच्या वाढदिवसाला केकबुवा आणतात. याने केकबाई आणली. ज्येष्ठमधाच्या मिठाईच्या काळ्या दोऱ्यांचे आखूड केस, गोल चष्मा, गालावर विबेकेचा तीळसुद्धा.

"बेकरीवाल्याला माझा फोटो दिलास?"

"छे गं! आंबट चेहऱ्याची कर म्हटलं. त्याने आपणहून ओळखलं."

वाढदिवसवाला केकचा गळा कापतो आणि त्या क्षणी बाकीच्यांनी जिवाच्या आकांताने ओरडायचं, अशी तिथली रीत.

"मी ओरडणार नाही," विबेकेने बजावलं. "तुझ्यापायी घसा बसवून घेणार नाही मी."

"नको ओरडूस. यंत्र उचलताना ओरड, जड आहे."

बोडिलबाई आल्या, दिवे मालवले. पडद्यावर मोगेन्स उजवीकडे बघू लागला, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. मान थरथरत होती. एक पाऊल उचलायचा, पुन्हा होतं तिथेच ठेवायचा.

दिवे लागले. बोडिलबाईंनी नाक शिंकरलं. "ही मान कुणी वळवली?"

"याने!" विबेके म्हणाली.

"हिने!" आस्गर त्याच दमात म्हणाला.

"म्हणजे दोघांनी. तरीच!" बाईंनी डोळे पुसले. "माझ्या कचेरीत पोरं बसतात ना, ती अगदी अशीच बघतात. गोडीगुलाबीने राहणाऱ्यांना हे जमायचं नाही. सगळी मालिका तुमची. पण दोघांची हं. एकजण गेला की करार रद्द."

"अहो, पण आम्हाला एकमेकांचं तोंडसुद्धा बघवत नाही," विबेके कळवळली.

"तेच जपा. समेट-बिमेट करून कामाचा विचका करू नका."

आस्गरने सुरी उचलली आणि केकबाईच्या गळ्यावर ठेवली. सुरी खाली आली आणि विबेके ओरडली. खिडकीवरचे सीगल उडाले, तरी ती ओरडतच होती. मग आस्गरही ओरडू लागला. खरं तर वाढदिवसवाल्याने ओरडायचं नसतं.

"हल्ली इतकी मनापासून रीत पाळतं कोण!" म्हणत बोडिलबाईंनी चष्म्याकडचा तुकडा मागितला.