एक टोक सासूकडे, एक टोक जावयाकडे

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा नव्हे, गुरांच्या गळ्यातला नव्हे आणि कपडे वाळत घालायचा तर मुळीच नव्हे. झाडे तोडायला आणि छाटायला जो माणूस वर चढतो, त्याच्या कमरेला बांधायचा मी दोर. तो वर असेपर्यंत त्याचा जीव सांभाळायचा, एवढेच माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कितीतरी रिळे गरगर फिरत होती आणि त्यांच्या मधोमध मी वीतवीत वाढत होतो. आत पांढराशुभ्र गाभा आणि त्यावर निळ्या धाग्यांची घट्ट वीण. वीण घासून घ्यायला आणि गाभा वजन झेलायला, अशी आमची घरातल्या घरात वाटणी. तिथल्या कामगाराने मला भले मोठे ओझे टांगून ताणून पाहिले. मी हूं की चूं केले नाही. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला दुकानात धाडले.

दुकानात मी बरेच दिवस खुंटीवर वेटोळे करून लटकत होतो. एके दिवशी एक ठेंगणी, ठसठशीत बाई आत आली. तिने मला खाली उतरवले, बोटांनी चाचपले, वाकवून पाहिले, नाकाशी नेऊन हुंगलेसुद्धा.

"मावशी, काय टांगायचंय याला?" दुकानदाराने विचारले.

"जावई," ती म्हणाली.

दुकानदाराच्या हातातली कात्री तशीच राहिली. पण ती बाई थट्टा करत नव्हती.

या बाईंना मी पुढे सासूबाईच म्हणणार आहे, कारण माझ्या आयुष्यात त्यांचे तेच नाते महत्त्वाचे ठरले. त्यांचे यजमान झाडे छाटायचे. मोठे हिकमती गडी होते म्हणे. "दोर लागतो भित्र्यांना," असे ते म्हणत आणि माकडासारखे सरसर वर जात. एकदा फांदी ओली होती. ते गेले. धंदा मात्र सासूबाईंनी सोडला नाही. गडी लावून त्या कामे घेत राहिल्या. मनाशी मात्र एक गाठ त्यांनी पक्की मारली होती: लेकीला नवरा पाहायचा तो जमिनीवरचा.

म्हणून त्यांनी बसचा कंडक्टर जावई केला. उंच, हसरा, तोंडाची टकळी सदा चालू. सासूबाई शेजारणीला मोठ्या समाधानाने सांगत, "माझा जावई दिवसभर फिरतो, पण जमीन सोडत नाही."

पुढे बसमध्ये तिकिटे देणारी यंत्रे आली आणि कंडक्टर घरी बसला. दोन महिने त्याने सासूबाईंच्या फांद्या गाडीत भरल्या. मग एक दिवस तो म्हणाला, "आई, मी वर चढू का? धावत्या बसमध्ये काही न धरता उभा राहिलोय इतकी वर्षं. फांदी काय, तेवढीच हलते."

सासूबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी समजावले, रागावल्या, लेकीकडून सांगून पाहिले. लेक म्हणाली, "आई, त्यांना झाड आवडतं गं. मी किती अडवू?" शेवटी सासूबाई उठल्या आणि दुकानात येऊन मला घेऊन गेल्या. माझे एक टोक त्यांनी जावयासमोर टाकले. दुसरे स्वतःच्या मुठीत धरले.

"चढायचंच असेल तर हे टोक माझ्या हातात राहील. दुसऱ्या कुणाच्या नाही."

त्या दिवसापासून त्यांनी जावयाशी गोड बोलणे सोडले. आदर मात्र दुप्पट वाढवला. "कंडक्टरसाहेब, डावीकडची फांदी आपल्याला दिसत नाही वाटतं?" "आपण आज उतरणार आहात, की वरच बिऱ्हाड करणार?" अशा अहो-जाहोने त्या त्याला हातभर लांब ठेवत. कुणी लांब असेल तर गेल्याचे दुःख कमी होते, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. पण मित्रांनो, मला तो पटत नसे. कारण त्यांच्या मुठीची पकड मला ठाऊक होती. तो एक पाऊल सरकला की त्यांचा श्वास अडकायचा, हे फक्त मलाच कळायचे.

आमचे दिवस मजेत गेले. कंडक्टरने बसमधलीच खूण झाडावर आणली. एक झटका म्हणजे थांबा, दोन झटके म्हणजे चला. वर कावळ्यांनी गलका केला की तो म्हणायचा, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे!" लोकांच्या खिडक्यांवर आलेल्या फांद्या, तारांत अडकलेले शेंडे, वादळाने मोडलेली खोडे, सगळी कामे आम्ही केली. फांदी कापताना तो तिच्या मानेशी, म्हणजे ती बुंध्याला जुळते तिथल्या फुगवट्याशी थांबायचा, बुंध्याच्या सालीला धक्का लावायचा नाही. "जखम अशी करावी की झाडाला ती भरता आली पाहिजे," हे सासूबाईंचे वाक्य त्याने पाठ केले होते. संध्याकाळी तो मला कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. माझ्यासारखा लाडका दोर पंचक्रोशीत नसेल.

आता तो दिवस सांगतो.

एका बालवाडीच्या अंगणात जुने झाड होते. कमरेइतक्या उंचीवर त्याचे दोन फांदे झालेले. एक हिरवागार. दुसरा पार वाळलेला आणि नेमका मुलांच्या खोलीच्या छपरावर झुकलेला. मुलांना सुट्टी होती. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "पालक घाबरतात. पण हे झाड गेलं तर मुलं खेळतील कुठे? तुम्हीच काय ते ठरवा."

"मुळापासून काढू," सासूबाई म्हणाल्या. "लहान मुलांचा प्रश्न आहे."

"आई, मागचं चाक पंक्चर झालं म्हणून अख्खी बस भंगारात देतात का? हा फांदा धडधाकट आहे."

"बस आपल्यापाशीच ठेवा, साहेब. आधी वाळकं उतरवा. पुढचं मी बघेन."

मला हिरव्या फांद्याच्या वरच्या बेचक्यातून घेतले. तिथून मी एकीकडे कंडक्टरच्या कमरपट्ट्याला आणि दुसरीकडे खाली, बुंध्याला दोन वेढे घेऊन सासूबाईंच्या हातात. कंडक्टर हिरव्यावरून वाळक्यावर गेला. छोट्या फांद्या एकेक करून खाली आल्या. मग त्याने मोठ्या फांद्यावर पाय रोवून करवत लावली.

कड् असा आवाज झाला. पायाखालचा फांदाच गेला.

कंडक्टर माझ्यावर लोंबकळला. सगळे ओझे एकदम माझ्यावर आले, मी ताठ झालो. सासूबाईंचे पाय फरफटले, पण मूठ सुटली नाही. मी मनात म्हटले, झेलले! तेवढ्यात झोका घेताना त्याच्या हातातली करवत माझ्या अंगाला लागली. ताणलेल्या दोराला करवतीचा नुसता स्पर्श पुरतो. निळी वीण फाटली आणि गाभ्याचे काही पदर तटातट तुटले.

कंडक्टरला ते दिसले नाही, कारण माझी जखम त्याच्या डोक्याच्या वर होती. सासूबाईंना खालून दिसली. निळ्या दोरावर पांढरे बोंड फुटावे तशी.

त्याला खाली सोडावे, तर दोर थरथरणार. शिवाय तुटलेला फांदा खाली भाल्यासारखा उभा अडकला होता. हाका मारून सांगावे, तर तो घाबरून हातपाय झाडणार. माझे उरलेले पदर किती वेळ टिकतील, ते मलाही ठाऊक नव्हते.

आणि मग सासूबाई बोलल्या. इतक्या हळुवार की मला वाटले, दुसरेच कुणी बोलते आहे.

"बाळा, ऐकतोयस ना रे?"

वर कंडक्टरने करवत अलगद कमरेला लटकवली.

"आई," कंडक्टरचा आवाज आला, "तुम्ही मला बाळ म्हणालात?"

"म्हणाले. त्यात काय झालं?"

"अरे-तुरेही केलंत."

"केलं."

"दोर गेला का, आई?"

सासूबाईंनी मूठ आणखी आवळली. "दोर आहे. थोडा खरचटलाय. तू वर बघू नकोस आणि खालीही बघू नकोस. समोर हिरवा फांदा आहे, त्याला एक पाय लाव. हलके."

"लावला."

"शाब्बास. आता दुसरा. घाई नको रे राजा. पुढचाच स्टॉप आपला आहे."

कंडक्टरला त्या स्थितीतही हसू फुटले आणि ते माझ्या अंगातून थरथरत खाली गेले. "हसू नकोस, मेल्या!" सासूबाई कळवळल्या. तो गप्प झाला. मग हिरव्या फांद्यावर एक पाऊल, थांबणे, आणखी एक पाऊल. दर पावलाला माझा एखादा धागा सुटत होता. मित्रांनो, मी नुसता दोर. मला देवाचा धावा करता येत नाही. मी फक्त उरलेल्या धाग्यांना म्हणत होतो, अजून थोडे, गड्यांनो, अजून थोडे.

त्याने हिरव्या फांद्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"पट्टी बांध," सासूबाई म्हणाल्या. "बांधलीस?"

कमरेची छोटी पट्टी त्याने फांद्याभोवती अडकवली. "बांधली. दोनदा बांधली."

तेव्हा कुठे सासूबाई मटकन खाली बसल्या. मला मात्र त्यांनी सोडले नाही. बालवाडीच्या बाई पाणी घेऊन धावत आल्या, पण पेला घ्यायला मूठ उघडेना. एकेक बोट हाताने उलगडावे लागले. हातमोज्याच्या आत तळवा सोलवटला होता.

हत्यारे वर ओढायच्या सुतळीने कंडक्टरने जादा दोर वर घेतला आणि त्यावरून तो उतरला. सासूबाईंनी त्याचे दोन्ही गाल हातांत धरले, नीट निरखून पाहिले आणि मग त्याच्या हेल्मेटवर एक सणसणीत चापट ठेवून दिली.

"करवत दोरापासून लांब धरायची, हे किती वेळा सांगितलंय तुला?"

"चुकलो, आई."

"चुकलास. आता चहा पी आणि पुन्हा चढ. आज नाही चढलास तर उद्या तुझे हात थरथरतील."

चहा होईपर्यंत त्या लाकडी हातोडी घेऊन झाडापाशी गेल्या. हिरवा फांदा त्यांनी चहूबाजूंनी ठोकून पाहिला, कान लावून ऐकले, बुंध्याशी माती उकरून मुळे चाचपली. आवाज भरीव येत होता. त्या बालवाडीच्या बाईंकडे वळल्या. "हा राहू द्या. वरचं ओझं थोडं हलकं करून देते. दरवर्षी येऊन बघून जाईन." मग झाडाला हात लावून पुटपुटल्या, "माझ्या पोराला यानं जागा दिली. मी याच्या मुळावर कशी उठू?"

संध्याकाळपर्यंत वाळका फांदा उतरला, हिरव्याची हलकी छाटणी झाली, अंगण झाडून लख्ख केले. घरी जाताना सासूबाई गाडीत जावयाशेजारी बसल्या. एरवी त्या मागे, लाकडांजवळ बसत. "अरे-तुरे" त्या दिवसापासून कायमचे झाले. ते ऐकून लेक दारातच रडू लागली. का, ते तिला कुणी विचारले नाही.

माझे मात्र ते शेवटचे मोठे काम. एकदा जखमी झालेल्या दोरावर पुन्हा माणूस टांगायचा नाही, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? जखमेचा भाग कापून टाकून उरलेल्या मला ओंडके खाली सोडायला घेतले. काही वर्षे तेही केले. मग तिथूनही सुटलो आणि पडवीच्या कोपऱ्यात, पोत्यांखाली गेलो. वर डब्यातले तेल गळायचे. एका उंदरिणीने माझा गाभा ओरबाडून पिल्लांना गादी केली. माझी कुणाला आठवणही होत नसेल, असे वाटू लागले.

एकदा पडवी आवरताना लेकीने मला कचऱ्यात टाकायला उचलले. "थांब," कंडक्टर म्हणाला. त्याने मला धुतले, सावलीत वाळवले आणि हातहात लांबीचे तुकडे केले. बालवाडीच्या अंगणात, वाळका फांदा गेला तिथे मोकळे ऊन पडू लागले होते. तिथे मुलांनी रोपे लावली होती. काठ्या रोवून, माझ्या तुकड्यांनी ती रोपे काठ्यांना बांधली. आता सासूबाईंच्या हातात पूर्वीचा जोर नाही. नव्या दोराचे झाडाखालचे टोक लेक धरते. सासूबाई बालवाडीत येतात त्या रोपे बघायला.

मागच्याच आठवड्यात त्यांनी एका रोपाशी वाकून माझ्या वेढ्यात बोट घालून पाहिले. बोट जाईना. खोड फुगले होते आणि मी त्याच्या सालीत रुतत चाललो होतो.

"वाढलास की रे," त्या रोपाला म्हणाल्या आणि त्यांनी गाठ सोडली.

मी खाली मातीत पडलो. रोप वाऱ्यावर एकदा इकडे झुकले, एकदा तिकडे झुकले आणि उभे राहिले.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव टांगता तो दोर रोज तपासा, त्याला उन्हातेलापासून जपा, आणि तो जखमी झाला की त्याला निवृत्त करा. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. रस्त्याने जाताना काठीला बांधलेले एखादे रोप दिसले, तर क्षणभर थांबा आणि वेढ्यात बोट घालून पाहा. बोट गेले नाही, तर कुणा मोठ्या माणसाला बोलवा आणि ती गाठ सोडवा. आम्ही दोर जन्मभर धरून ठेवायला शिकतो. सोडायचे कधी, ते आम्हाला कळत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागेल.