कापराचा वास

मारुतरावांनी इंजिनातली तेलाची दांडी ओढून काढली, तेल बोटांवर चोळलं आणि हुंगून पाहिलं. कुमुद क्वार्टरच्या पायरीशी पुन्हा पुन्हा पदर सारखा करत उभी होती. विचारतील तेवढंच सांगायचं, असं नवऱ्याने, श्यामकांतने, तिला सकाळीच बजावलं होतं. त्याची बदली गुवाहाटीला झाली होती, इथलं, राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं, सगळं सामान बांधून झालं होतं, आणि ही गाडी तेवढी गळ्यात उरली होती.

गेल्या पावसाळ्यात ती पुलाखालच्या पाण्यात सीटपर्यंत बुडाली होती. धुऊनपुसून नव्यासारखी दिसायला लागली, तरी चालता चालता अचानक बंद पडायची, आणि आतला दमट वास काही जात नव्हता. तो मारायला कुमुदनेच काल कापराची पुरचुंडी मागच्या काचेपाशी ठेवली होती. आता तिकडे तिला बघवत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गाडी विकत घ्यायला आलेले मारुतराव इथल्या छावणीत हवालदार होते. पेन्शन घेऊन आता कायमचे गावी साताऱ्याकडे निघाले होते. त्यांनी टायर बघितले, दारांच्या फटी बघितल्या, खाली वाकून गंज शोधला.

"बिल्कुल घरची गाडी आहे," श्यामकांत म्हणाला. "आरामात बघा."

मारुतरावांची बायको कृष्णाबाई मागच्या सीटवर बसून जागेचा अंदाज घेत होत्या.

"आत्याबाईंना, म्हंजी माज्या सासूबाईंना, हितं आडवं हुता येईल," त्या कुमुदला म्हणाल्या. "रेल्वेत त्यांचा जीव घाबरतो. गाडीत कसं, मधीच थांबता येतं."

साताऱ्याच्या वाटेवर, चंबळच्या उजाड रस्त्यावर बंद पडलेली गाडी आणि आत निजलेली म्हातारी कुमुदला दिसायला लागली.

"कुमुद, चहा टाक ना, यार," श्यामकांत घाईने म्हणाला. ती जागची हलली नाही.

मारुतराव पुढे बसले आणि त्यांनी सीटचा पट्टा हातात घेतला.

"आमच्या ड्रायव्हरनं सांगितलंय, पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा. गाडी पाण्यात बुडालेली असली तर चिखल तिथं राहतो."

सापडू दे एकदाचं, असं कुमुदला वाटलं. सापडू नये असंही वाटलं. तेवढ्यात कृष्णाबाईंना ती पुरचुंडी दिसली. हात लांब करून त्यांनी ती उचलली, हुंगली आणि कपाळाला लावली.

"आवो, ऱ्हाऊ द्या. गाडीत कापूर ठिवणारी मानसं हायेत. आनखी किती तपासायचं?"

मारुतराव ओशाळले. पट्टा त्यांच्या हातून सुटून सर्रकन आत गेला. श्यामकांतने चावी पुढे केली.

कुमुदला राहवलं नाही. ती पुढे झाली, तिने पट्टा धरला आणि संपेपर्यंत ओढत राहिली. शेवटी हातभर मातकट डाग होता, त्याच्या कडेला वाळलेला चिखल.

"कापूर वासासाठी ठेवला होता, वहिनी," ती म्हणाली. "पाण्यात गेली होती गाडी. मध्येच बंद पडते."

श्यामकांत चावी खिशात टाकून आत निघून गेला. मारुतराव खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट हळूच लावलं. कृष्णाबाई फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुरचुंडी अजून त्यांच्या मुठीतच होती.

"ताई, गाडी काय आमाला नको," त्या म्हणाल्या. "ह्यो कापूर तेवढा न्हेऊ का? आत्याबाईंच्या देवाम्होरं लावीन."