थंड इंजिनाचे पहिले दोन सेकंद

जुनी गाडी बघायला मला न्यायचं असेल तर माझे दोन नियम आहेत, आणि ते पाळायचे नसतील तर माणसाने खुशाल नाणं उडवून गाडी घ्यावी. पहिला नियम, मी येईपर्यंत विकणाऱ्याने गाडी सुरू करायची नाही. मी आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. गरम लागलं की आल्या पावली परत, कारण थंड इंजिन खरं बोलतं आणि गरम इंजिन गोड बोलतं. दुसरा नियम, मी ऐकत असताना कुणी ब्र काढायचा नाही. मग तो गिऱ्हाईक असो नाहीतर माझा मेहुणा.

यावेळी मेहुणाच होता. धाकट्या बहिणीचा नवरा, गणिताचा मास्तर. तीस वर्षं एका डबड्या गाडीतून शाळेत गेला, आणि रिटायर झाल्यावर याला सुचलं काय, तर सहा सिलिंडरची, दोन टर्बोची आलिशान सेडान! नवी परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून सेकंडहँड.

"चारशे घोड्यांची ताकद आहे, दादा," तो म्हणाला.

"चारा कोण घालणार त्यांना, भाऊजी?"

बहीण माझ्यावर डाफरली. "घेऊ दे ना रे. जन्मभर स्वतःसाठी एक धड चप्पल घेतली नाही त्यांनी. तू फक्त चांगली बघून दे."

साठवलेलं सगळं त्या गाडीत जाणार होतं. असल्या गाडीचं इंजिन बसलं तर दुरुस्तीपेक्षा भंगारात घालणं स्वस्त पडतं. दुसरी संधी नव्हती, हे मला त्या दोघांपेक्षा जास्त कळत होतं.

आणि एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले. पस्तीस वर्षं नट उघडायच्या एअर गनशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? मशीन लावा म्हणाल्या. मी कागद खणात टाकला. लोक माझ्याकडे येतात ते कानासाठी. कानात मशीन घातलेला मेकॅनिक कोण नेईल बरोबर? झाकली मूठ सव्वा लाखाची. इंजिनावर बोटं ठेवून थरथर ओळखायची, स्कॅनर लावायचा आणि उरलेल्या जागी मान हलवायची, असं माझं चाललं होतं.

पहिली गाडी एका दातांच्या डॉक्टरची. तपकिरी, एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली, ड्रायव्हर सीटची कड झिजलेली. पण फाइल अशी जाड, की उशाला घ्यावी! दर दहा हजाराला ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइलसुद्धा वेळेवर, गेल्या वर्षी टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर नवा. असल्या गाड्यांत गाडी बघायचीच नसते, मालक बघायचा असतो. भाऊजींनी मात्र एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "फारच वापरलेली दिसते हो."

दुसरी एका डीलरच्या आवारात उभी होती. गडद निळी, पहिलीच्या निम्मी चाललेली. भाऊजी तिच्याभोवती तीनदा फिरले. चारही टायर एकाच कंपनीचे, रंग सगळीकडे सारखा, स्कॅनरवर एकही फॉल्ट नाही. ऑइल पंचवीस हजाराला एकदा बदललेलं, ते मला खटकलं. पण बॉनेट गार होतं. मी हात वर केला, सगळे चिडीचूप झाले. डीलरने बटण दाबलं. मी डोळे मिटून लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाशी धरली. खोल, दमदार घरघर. मान हलवली.

भाऊजींनी तिथल्या तिथे टोकन देऊन टाकलं.

परत निघालो. डबडं भाऊजी चालवत होते, बहीण मागे. ती शिवणकाम करते, दुकानात चार मशिनं आहेत तिची. मधेच पुढे वाकून म्हणाली, "दादा, सुरू केल्या केल्या ते खडखडलं, ते चालतं ना रे? बॉबिन सैल बसल्यावर मशीन वाजतं ना, तसं. एक-दोन सेकंदच."

टायमिंग चेन! तिला ताणून धरणारा टेन्शनर गेला की ऑइल वर चढेपर्यंत ती तशीच वाजते. मग एक दिवस चेन दाते सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि इंजिनाचा खेळ खलास.

"चालतं गं," मी खेकसलो. "थंड इंजिन वाजतंच थोडं."

"हां, मग ठीक," म्हणून ती मागे टेकली. शंका म्हणून उरली नाही तिच्या चेहऱ्यावर. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

पळवाट होती माझ्याकडे. उद्या फोन करून सांगायचं, डीलरबद्दल काहीबाही कानावर आलंय, व्यवहार मोडा. बहिणीचे पैसे वाचले असते आणि माझं नावही. दोन सिग्नल मी तेच मनात घोळवत होतो. शेजारी भाऊजी गुणगुणत होते, आणि मला स्वतःची अशी काही लाज वाटली की सांगता सोय नाही.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं.

घेतली.

"ती निळी घेऊ नका. तिची चेन वाजते. मला ऐकू आली नाही. दोन वर्षं झाली, मला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत."

बहिणीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाऊजींनी इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "खडखड मलाही ऐकू आली होती, दादा."

"मग बोलला का नाहीत, भल्या माणसा?"

"तुम्ही मान हलवलीत ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

टोकन सोडवायला डीलरशी दोन दिवस भांडलो. तपकिरी गाडी आली घरी. घेण्याआधी ती थंड असताना सुरू केली तेव्हा बहिणीने ऐकलं, भाऊजींनी ऐकलं, मी नुसता उभा होतो. आता भाऊजी तिला रोज पुसतात. ते सगळं झालं नीट.

पण 'तुम्ही मान हलवलीत ना' हे भाऊजींचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. या दोन वर्षांत मी एकोणीस गाड्या पास केल्यात. प्रत्येक वेळी शेजारी कुणीतरी चिडीचूप उभं होतं, माझ्याच नियमाने.

सोमवारी गॅरेज उघडलंच नाही. बहिणीला शेजारी बसवलं, फोनचा स्पीकर लावला, त्या एकोणीस जणांतला पहिला नंबर फिरवला. एक बाई होत्या, गेल्या वर्षी काळी सेडान घेतलेल्या.

"उद्या सकाळी गाडी थंड असताना सुरू करा," मी म्हटलं, "आणि पहिले दोन सेकंद काय ऐकू येतं ते मला सांगा."

"अहो, वाजते ती थोडी पहिल्यापासून," त्या हसून म्हणाल्या. "पण तुम्ही ऐकली होतीत ना? मग मला कसली काळजी!"

"नाही हो, ताई," मी म्हटलं. "नव्हती ऐकली."