वरपक्षात गेलेला प्रिंटर

आमचा चिवड्याचा कारखाना काल दुपारी तांत्रिकदृष्ट्या मंगल कार्यालय झाला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य कोणी लिहिलं कोण जाणे. आपण शांतपणे सुरुवात करू.

कळमेश्वरच्या एमआयडीसीत मी कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. माझं प्रोबेशन काल संपत होतं. संध्याकाळपर्यंत नेटवर्क पडलं नाही तर मी कायम, असं साहेब माझ्या वरिष्ठ मिनल मॅडमसमोर बोलले होते.

आमच्याकडे तीन स्विच, म्हणजे कॉम्प्युटर-प्रिंटर एकमेकांना जोडणारे डबे, एकावर एक ठेवून मागून केबलनं जोडलेत. तिघं मिळून एकच यंत्र. त्यांच्यात एक मुखिया असतो. सॉफ्टवेअर त्याचं, सेटिंग त्याची. बाकीचे निमूटपणे तेच घेतात. काल चौथा आला. जुना. प्रताप नगरातलं एक मंगल कार्यालय बंद पडलं, तिथला. जुन्या स्विचची सेटिंग आधी उडवायची, मग तो बंद करून जोडायचा आणि मगच चालू करायचा, असा नियम.

पण स्टोअरचे ताराचंद काका नारळ घेऊन उभे.

"आधी चालू कर गा. लाइटच नाही लागले त हळद-कुंकू कोणाले वाहू?"

चालू केला. पूजा झाली. मी बटणाकडे हात नेला.

"हां! पूजेचं मशीन दिवस मावळेपर्यंत बंद नाही करत."

"काका, त्याच्यातलं जुनं काढाचं आहे."

"उद्या काढ. आज पाहुणा आहे तो."

पाहुणा मी तसाच, चालू, जोडून दिला. आता स्विच आपसात मुखिया निवडतात ते एका आकड्यावरून. ज्याचा मोठा तो मुखिया. आमच्या तिघांचा आकडा एक. पाहुण्याचा पंधरा.

तिघं एकदम बंद पडून पुन्हा सुरू झाले, पाहुण्याचं जुनाट सॉफ्टवेअर त्यांनी अंगावर चढवलं आणि आज्ञाधारकपणे लुकलुकू लागले. नेटवर्क पडलंय हे मला कळलं होतं. तरी मी नवी सेटिंग उघडून वाचत बसलो. फार सुंदर होती. पहिला स्विच 'वरपक्ष', दुसरा 'वधूपक्ष', तिसरा 'आचारी'. केबल खोचायच्या एका पोर्टाचं नाव 'रुसलेले मामा'. सगळ्यात जास्त स्पीड त्यालाच.

मिनल मॅडम धावत आल्या. "गिरिधर, लेबलं काहून निघत नाहीत गा? ट्रक उभे आहेत!"

"प्रिंटर वरपक्षात गेला, मॅडम. कॉम्प्युटर वधूपक्षात आहेत. दोघांले एकमेकांशी बोलाची परवानगी नाही."

"हे भांडण कधीचं?"

"तेच पाहून राहिलो."

"मानपानाचं असन," काका म्हणाले.

"काका, तुम्ही गप बसा! आणि तू काढ तो पाहुणा!"

पाहुणा वेगळा केला. चालूच ठेवला, काका बघत होते. मॅडम रोज आमच्या सेटिंगची कॉपी ठेवतात. ती आणि आमचं सॉफ्टवेअर तिघांत परत भरलं. ट्रक गेले. साहेबांनी माझं प्रोबेशन तीन महिने वाढवलं.

म्हणून आज अर्ज दिला:

"महोदय, काल दुपारी जे नेटवर्क बंद पडले ते सेटिंगनुसार प्रताप नगर येथील मंगल कार्यालयाचे होते. आपल्या कारखान्याचे नेटवर्क त्या अवधीत अस्तित्वातच नव्हते, आणि जे नाही ते पडू शकत नाही. सबब, वाढीव प्रोबेशन सदर मंगल कार्यालयाच्या नावे वर्ग करून मला कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती."