बिबळ्याचा गिलास

"आज पाणी फिक्कं शे वं," जीवराम गिलासात डोकावत कुरकुरला. "उशिरे भरं व्हई तू."

"दिवा लावताच भरेल शे," म्हणत सुगंधाबाईने स्टोव्हला पंप मारायला घेतला. खोटं बोलायचं तर पंप मारता मारता बोलावं, आवाजातलं काही कळत नाही.

गिलास बिबळ्याच्या लाकडाचा. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत गिरधरने आणलेला. हा जीवरामचा धाकटा भाऊ, तिचा दीर, यावलला एसटीत कंडक्टर. सातपुड्याच्या पायथ्याशी एक कातारी लाकूड कातून असे गिलास करून देई. रात्रभर त्यात पाणी ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं, रक्तातली साखर उतरते. पहिल्याच सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालं आणि उन्हात धरलं तर काठाशी निळी झाक. मेहरूणमधल्या निम्म्या बायका बघून गेल्या. जीवराम शिंपी माणूस, रंगाची पारख असलेला. "गोळ्यास्ले असा रंग शे का?" म्हणाला, आणि मधुमेहाच्या गोळ्यांची बाटली शिलाई मशीनच्या खणात तुटक्या बटणांशेजारी जाऊन पडली.

दोन महिन्यांत रंग उतरला. रंग थांबला की गिलास फेकायचा, हे कातारीने बजावलंच होतं. गिरधर आधी "पुढच्या खेपेले नवा आणस, वहिनी" म्हणे. पुढे जंगलखात्याने ते लाकूड बंद केलं, कातारीही उठून गेला, आणि गिरधर त्या गिलासाचं नावच काढेनासा झाला. पांढऱ्या पाण्यासमोर जीवरामचं तोंड एवढंसं झालेलं सुगंधाबाईला बघवेना. तिने पानाच्या डब्यातला काथ चिमूटभर टाकला. त्या एका दिवसापुरता.

त्या एका दिवसाला आता दहा महिने झाले होते.

नवरात्रात मशीनच्या पायडलला जीवरामच्या पायाचा अंगठा घासला. एवढंसं खरचटलेलं, पण भरेना. आता अंगठा काळा पडला होता आणि सूज घोट्याच्या वर. काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेता ना?"

"बिबळ्याचं पाणी घेतो," जीवराम ऐटीत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "लाकडात गुण आहे. त्याच्या तपासण्याही झाल्यात. पण रंग उतरला की गुणही उतरला, बाबा. आणि ते घ्यायचं तर गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही." मग त्यांनी चिठ्ठीवर ऑपरेशनचा सोमवार लिहिला आणि सुगंधाबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उशीर केलात तर विष अंगभर जाईल."

तेव्हापासून घरात कापण्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. शिंप्याच्या घरात! ऐन दिवाळीच्या गर्दीत! पोलक्याचं कापड टाकायला आलेल्या बाईला जीवराम "बेतून ठेवतो" म्हणाला.

आज रविवार. निरोप मिळाल्यावर पहिल्या गाडीने गिरधर आला आणि उंबऱ्यातच घुटमळला.

"भाऊ, उद्याले रिक्षा सांगू का?"

"कसानी रिक्षा?" जीवरामने गिलास उजेडात धरला. "डॉक्टरनीच सांगं ना, रंग शे तवलोंग गुण शे? मग? जरा फिका शे, पण शे ना रंग! मना पायले काय व्हत नही."

गिरधरने वहिनीकडे पाहिलं. तिच्या बोटांच्या तांबड्या टोकांकडे पाहिलं. मग खाली बघून खिशातली तिकिटं उगाच सारखी करू लागला. म्हणजे याला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

काल रात्री काथ टाकताना तिचं लक्ष त्या सोमवारच्या चिठ्ठीकडे होतं. अर्धा स्टोव्हपाशी सांडला, अर्धाच पाण्यात पडला. आज रात्री पुरता पडला, तर उद्या पाणी पुन्हा तांबूस दिसेल, आणि हा माणूस तेच पीत खाटेवर बसून राहील.

तिने स्टोव्ह बंद केला. घरात एकदम ऐकू येण्यासारखं काही उरलं नाही. फडताळातली काथाची डबी उघडून तिने ती जीवरामच्या मांडीजवळ ठेवली.

"हाऊ रंग याना शे," ती म्हणाली. "गिलास कधीना मरी जायेल शे. दहा महिना मीच टाकी ऱ्हायनू, तुमले बरं वाटाले. आते उद्या पाय कापना पडी. नहीते तुम्ही जाशात."