अकरा पायऱ्या

पालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून मी एकवीस वर्षं गटारं, पदपथ आणि इतरांच्या चुका निस्तरल्या. माझी स्वतःची म्हणावी अशी चूक एकच, पण ती मी स्वतःच्या अक्षरात, सही-शिक्क्यानिशी केली.

शहराबाहेरच्या रानात, तळ्याच्या काठी एक जुनं पंपघर आहे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तिथे वाफेचा पंप चालवायचे. शाळा सुटली की आई त्यांचा डबा घेऊन जायची आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसून राहायची. मुलांना वर यायला सक्त मनाई होती. पंपाच्या पट्ट्यात फ्रॉक अडकला तर संपलंच. थोड्या वेळाने आजोबा वरच्या खिडकीतून ओरडायचे, "ठमे, आलो गं!" आणि तेलकट हात पुसत खाली यायचे. ठमी म्हणणारे ते एकटेच. वर नेण्याचा हट्ट तिने धरला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मोठी झालीस की नेईन." ती मोठी व्हायच्या आत विजेचे पंप आले, पंपघराला कुलूप लागलं, आणि वर्षभरात आजोबाही गेले. पुढे रान इतकं माजलं की तिथे जायला वाटच उरली नाही. आता वाट होण्याची चिन्हं दिसू लागली, तर आईचे पाय गेले होते.

आई तशी कशाला झुरणारी बाई नाही. पण व्हीलचेअर खिडकीशी लावून बसली की मध्येच विचारायची, "आत नेमकं कसं असेल रे? ते कुठे उभे राहत असतील?" मला कुठून माहीत असणार? मी पेपरात डोकं खुपसायचो. तिचा तो आवाज मला ऐकवायचा नाही.

म्हणून वरून दोन निधी जाहीर झाले तेव्हा दोन्ही अर्ज मी आपणहून अंगावर घेतले. एक निधी व्हीलचेअरलाही जाता येईल अशा निसर्गवाटांसाठी होता, दुसरा जुन्या वास्तूंच्या जतनासाठी. आपणहून खुर्चीतून न उठणारा माणूस टेप घेऊन रानात निघालेला बघून ऑफिसात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

वाटेचा अर्ज झटक्यात मंजूर झाला. घोडं अडलं ते पंपघरापाशी. त्या अर्जाला गुण असतात, आणि मूळ बांधकामाचा प्रत्येक शाबूत भाग दाखवला की गुण वाढतात. छप्पर पडलेलं, यंत्र गंजलेलं, दारं कुणीतरी पळवलेली. आमचे गुण काठावर येऊन थांबले. तेव्हा मी पायऱ्यांचे तीन बाजूंनी फोटो काढले आणि लिहिलं, 'अकरा दगडी पायऱ्या. मूळ बांधकाम. अत्यंत महत्त्वाच्या.' निधी आला. त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो.

महिन्याभराने पायऱ्यांवरून पंपघराच्या दारापर्यंत व्हीलचेअर नेणाऱ्या उताराचा आराखडा घेऊन जतन विभागात गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा वर केला.

"पायऱ्या झाकता येणार नाहीत."

"अहो, वर लाकडी फळ्या टाकू. एक दिवसापुरत्या."

"जतनाच्या यादीतल्या भागावर काहीही ठेवता येत नाही. मागून काढा की उतार."

"मागे तळं आहे."

"मग नाइलाज आहे. आणि अत्यंत महत्त्वाच्या असं तुम्हीच तर लिहिलंय." त्यांनी माझा अर्ज माझ्याकडेच फिरवून धरला. अक्षर चांगलं आलं होतं.

मी आणखी चार पत्रं पाठवली. चारही परत आली. वाट मात्र सुरेख झाली. चढ जाणवू नये इतका हलका, दोन्ही बाजूंना कठडे, मध्ये मध्ये बाकं. ती बरोबर पहिल्या पायरीपाशी संपते.

उद्घाटनानंतरच्या सोमवारी, गर्दी नसताना, मी आईला घेऊन गेलो. घरी काही सांगायचा धीर झाला नव्हता. पहिल्यांदा तिने कठड्याला हात लावला, मग झाडं बघितली. पायऱ्या दिसल्या तसा तिने ब्रेक लावला. मी सगळं सांगून टाकलं.

"खोटं थोडंच लिहिलंस?" ती म्हणाली. "महत्त्वाच्या आहेतच त्या."

"आई, मी उचलून नेतो तुला. अकराच तर आहेत."

"उचलून न्यायचं ते मेल्यावर न्या. मला माझी मी जायचं होतं." मग वरच्या खिडकीकडे बघत, "तू जा वर. काय काय आहे ते नीट बघ. आणि खिडकीतून मला हाक मार. ते मारायचे तशी."

मी वर गेलो. आत नवीन छपराचा वास होता. गंज घासून काळं रंगवलेलं यंत्र होतं, आणि त्याच्यापुढे फरशीत दोन पावलांएवढी जागा झिजलेली होती. आजोबा इथे उभे राहत असणार. मी तिथे उभा राहिलो. तिथून मान वळवली की खिडकी, आणि खिडकीतून खालची पायरी सरळ दिसते. म्हणजे त्यांना ती सगळा वेळ दिसत होती.

मी खिडकीशी गेलो. खाली आई मान वर करून बसली होती. मांडीवर दोन्ही हात, डबा धरल्यासारखे. मला 'ठमे, आलो गं' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"ठमे, ये गं वर!"

क्षणभर ती हललीच नाही. आजोबांनी ही हाक कधी मारली नव्हती. मग तिने ब्रेक काढला, चाकांवर हात ठेवले आणि शाळकरी आवाजात ओरडली, "आले! आले, बाबा!"

पुढची चाकं पहिल्या पायरीला टेकली. तरी ती ढकलतच होती.