पालथ्या हौदाचा गोळा

मी एक जुना तांब्याचा गोळा आहे. गुरांच्या हौदात तरंगतो ना, बॉलकॉक, तोच. मेंढ्या पाणी प्यायल्या की मी खाली जायचो, नळ सुटायचा. हौद भरला की मी वर, नळ बंद. दिवसभर खाली-वर, खाली-वर! मित्रांनो, मला स्वस्थ बसणं माहीतच नाही, त्यामुळे सांगतानाही धाप लागते.

कनामुला गावाच्या पश्चिमेला क्लॅरी हॅनिगनची कुरणं आहेत. त्यातलं बाराव्या मैलाचं रान माझं. क्लॅरी विशीत होता तेव्हा त्याने दोन तांब्याच्या वाट्या डाख देऊन जोडल्या आणि मी झालो. तो आला की आधी बोटाने मला ठोकणार. टंग. आवाज पोकळ आला की गडी खूश. "शहाणा आहेस," म्हणायचा. मी फुगायचो. म्हणजे, होतोच मी फुगलेला!

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. क्लॅरी गावात घोड्यांच्या शर्यतींना गेला आणि दोन दिवसांचे चार झाले. इकडे माझ्या दांड्याखाली शेवाळ दाटलं आणि मी वरच अडकलो. नळ बंद. मी किती धडपडलो, पण हलता येईना! क्लॅरी परत आला तेव्हा हौद कोरडा होता आणि कडेला चाळीस मेंढ्या मरून पडल्या होत्या. त्या दिवशी त्याने मला ठोकलं नाही. बोटाने शेवाळ काढलं आणि उन्हात तसाच उभा राहिला. घरी म्हणाला, आजाराने गेल्या. त्यानंतर कुठलाही हौद त्याने कधी कोरडा पडू दिला नाही. अगदी ख्रिसमसचं जेवण टाकून तो हौद बघायला यायचा.

आता कारभार त्याच्या मुलीकडे, टेगनकडे आहे. तिने करार केला. पूर्वी पाडलेली मल्गाची, म्हणजे इथल्या काटक बाभळीची, झाडं पुन्हा वाढू द्यायची. हवेतला कार्बन ती खोडात साठवतात, त्याचे पैसे कुरणाला मिळतात. तिने माझ्या रानातल्या मेंढ्या हलवल्या आणि नळाची चावी पान्याने आवळून टाकली. पाणी नाही म्हटल्यावर रानटी बकऱ्याही गेल्या, कांगारूही गेले. मी तळाशी लोंबकळत राहिलो. कंटाळा! नुसता कंटाळा! पण पावसानंतर बघतो तर काय, जमिनीतून राखाडी सुया वर आलेल्या. मल्गाची रोपं! शेकडो!

आणि एका सकाळी नळात पाणी खळखळलं. क्लॅरीने चावी फिरवली होती. पाखरांपुरतं, असं स्वतःशीच पुटपुटत होता. मित्रांनो, खरं सांगू? मला इतका आनंद झाला की मी नाचलोच. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला. मग एक बकरी आली, मग नऊ, मग सगळा कळप. पाणी प्यायचं आणि रोपं खुडायची. मला दिसत होतं, तरी मी वर-खाली करतच होतो.

तीन आठवड्यांनी कराराचा तपासनीस येणार होता. तो दर वर्षी एकाच लोखंडी खुंटापाशी उभा राहून फोटो काढतो. फोटोत रोपं नसली तर हे रान करारातून बाद. मग इथे पुन्हा मेंढ्या सोडायच्या आणि उरलेली मातीही वाऱ्यावर घालवायची. त्याच काळजीने टेगन रान बघायला आली. हौदाशी ओला चिखल, आणि क्लॅरी चावीवर वाकलेला.

"बाबा, तू होतास होय? मी महिनाभर बकऱ्यांना शिव्या घालतेय."

"घाल की. त्या तुझ्या फोटोवाल्यालाही घाल. तहानलेल्याला पाणी नको म्हणणारा मोठा शहाणा."

ती चिडली नाही. कारण विचारलं. तेव्हा इतक्या वर्षांनी त्याने चाळीस मेंढ्यांची गोष्ट सांगितली. शर्यतींसकट. शेवटी म्हणाला, "मला कोरडा हौद बघवत नाही गं, पोरी."

टेगनने हौदाची कड हाताने चाचपली. मग म्हणाली, "मग पालथा घालू या. पालथा हौद कोरडा नसतो, बाबा."

क्लॅरीने आधी मला सोडवलं, मग नळ बंद केला. दोघांनी मिळून पत्र्याचा हौद उलटा केला. मला त्याने तारेने त्या फोटोच्या खुंटाला टांगलं.

तपासनिसाला त्या वर्षी रोपांचे नुसते खुडलेले बुडखे मिळाले. त्याने एका मोसमाची मुदत दिली. ते वर्ष मी कसं काढलं विचारू नका! लांब कुठे बकरी ओरडली तरी मी तारेवर गरगर फिरायचो. पण खुडलेल्या रोपांना पुन्हा धुमारे फुटले, आणि रान करारात राहिलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी अजून स्वस्थ नाही, वारा मला बसू देत नाही. क्लॅरी अजून दर आठवड्याला येतो. मित्रांनो, प्रेमाने दिलेलं पाणीसुद्धा कधी कधी रोपांचा घात करतं, हे आम्हा दोघांनाही उशिराच कळलं. काळजी घ्यायची तर थोडं हात आखडायलाही शिका. आणि कधी या रानात आलात तर एवढं करा, जाताना फाटक लावून घ्या. बकऱ्या टपलेल्याच असतात.

काल क्लॅरी आला, पण मला ठोकायला त्याला आधी मल्गाची फांदी बाजूला करावी लागली.

टंग.